मिझूचं माहेरपण
अमेरिकेतल्या कोलंबिया गावात कॉलेजचा फुटबॉल सामना म्हणजे घरचं कार्य!

सेंट लुईस आणि कॅन्सस सिटी ही मिसुरी राज्यातली दोन मोठी शहरं. एक राज्याच्या पूर्व टोकाला, दुसरं पश्चिम टोकाला. दोघांना जोडणाऱ्या सत्तर क्रमांकाच्या महामार्गावर, दोन्हींपासून साधारण दोनशे किलोमीटरवर कोलंबिया लागतं. आजूबाजूला मक्याची आणि सोयाबीनची शेतं, थोड्या अंतरावरून वाहणारी गढूळ मिसुरी नदी आणि गावाच्या मधोमध विद्यापीठ. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या घरात. गावाचं सगळं अर्थकारण, राजकारण आणि गप्पांचे विषयसुद्धा विद्यापीठाभोवती फिरतात. 1839 साली स्थापन झालेलं हे मिसुरी विद्यापीठ. पण हे लांबलचक नाव कोलंबियात फारसं कुणी घेत नाही. तिथे सगळे म्हणतात, 'मिझू'.

वर्षातून एका शनिवारी या मिझूच्या अंगणात जत्रा भरते. तारीख दरवर्षी बदलते, पण बहुधा तो ऑक्टोबर महिना असतो. रस्त्याकडेची झाडं लाल-पिवळी झालेली असतात. गावातल्या दुकानांच्या काचांवर काळ्या आणि सोनेरी रंगात वाघांची चित्रं उमटतात. हॉटेलातल्या खोल्या कित्येक महिने आधीच भरून गेलेल्या असतात. या दिवसाचं नाव आहे होमकमिंग.

या शब्दाचा सरळ अर्थ घरी येणं. पण त्यातला खरा भाव पकडायचा, तर आपला 'माहेरपण' हाच शब्द जवळचा. शिकून बाहेर पडलेले, नोकरीधंद्यासाठी देशभर पांगलेले माजी विद्यार्थी या दिवशी आपल्या कॉलेजात परत येतात. एकटे येत नाहीत, बायको, नवरा, मुलं, नातवंडं यांना घेऊन येतात. आपली जुनी खोली कोणती, कोणत्या झाडाखाली कोण भेटलं होतं, हे त्यांना दाखवतात. आणि दुपारी किंवा संध्याकाळी सगळे मिळून कॉलेजच्या संघाचा फुटबॉल सामना बघायला जातात. येत्या होमकमिंगलाही हेच होणार आहे. फक्त या माहेरी कोणाकोणाला जागा होती, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मिझूला वारंवार विचारला गेला आहे. त्याबद्दल पुढे.

एका आमंत्रणाची गोष्ट

मिझूच्या होमकमिंगची सुरुवात 1911 सालची. शेजारच्या कॅन्सस राज्याच्या विद्यापीठाशी मिझूचं हाडवैर. हे वैर खेळापुरतं नव्हतं. गुलामगिरीच्या प्रश्नावरून 1850 आणि 60 च्या दशकांत या दोन राज्यांच्या सीमेवर रक्त सांडलं होतं, गावं जाळली गेली होती. पुढे तोच राग चेंडूच्या मागे धावू लागला. 1891 पासून हा वार्षिक सामना बहुतेक वेळा कॅन्सस सिटीत, म्हणजे दोघांनाही सोयीच्या शहरात होत असे. पण सामने विद्यापीठाच्याच मैदानावर व्हावेत असा नियम झाला आणि 1911 चा सामना कोलंबियाच्या वाट्याला आला.

आता एवढ्या आडगावात प्रेक्षक कुठून आणायचे? तेव्हाचे क्रीडा संचालक चेस्टर ब्रूअर यांनी माजी विद्यार्थ्यांनाच साद घातली, 'सामन्याला घरी या.' मिरवणूक निघाली, सभा झाली आणि नऊ हजारांहून जास्त लोक जमले. त्या काळी कोलंबियाची वस्तीच जेमतेम तेवढी होती. सामना 3-3 असा बरोबरीत सुटला, म्हणजे भांडणाचा निकाल काही लागला नाही. तिकडे कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात हजारावर माणसं एकत्र जमली होती. तारेने येणारी प्रत्येक खेळीची बातमी मैदानाच्या मोठ्या प्रतिकृतीवर दाखवली जात होती आणि त्यावर ती मंडळी ओरडत होती! दूरचित्रवाणी यायच्या कितीतरी आधीचं हे 'थेट प्रक्षेपण'.

अमेरिकेतलं पहिलं होमकमिंग आपलंच, असं मिझूची माणसं छातीठोकपणे सांगतात. हा दावा मात्र सगळ्यांना मान्य नाही. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाने 1909 साली आणि इलिनॉय विद्यापीठाने 1910 साली असाच मेळावा भरवला होता. तारखा पाहिल्या तर त्यांचं पारडं जड आहे, हे कबूल करायला हवं. पण आपल्याकडे एखाद्या पदार्थाचं मूळ गाव कोणतं यावर जसा वाद रंगतो, तसा हा वाद. त्यात कुणाला निकाल नकोच असतो.

हा फुटबॉल वेगळा

फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पेले आणि मॅराडोना येतात. हा तो खेळ नव्हे. इथे चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो पायाने कमी आणि हाताने जास्त खेळला जातो. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या. मैदान शंभर यार्डांचं. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं, तर आणखी चार प्रयत्न मिळतात. नाही जमलं, तर चेंडू दुसऱ्याकडे. असं इंच इंच लढत शेवटच्या रेषेपलीकडे पोचलं की 'टचडाऊन', सहा गुण. एवढं कळलं तरी नवख्या माणसाला सामना बघायला पुरेसं आहे. खेळाची वेळ फक्त साठ मिनिटं. पण थांबत थांबत, जाहिराती घेत घेत तो साडेतीन तास चालतो. गप्पा मारायला आणि खायला भरपूर सवड!

बरीच कॉलेजं होमकमिंगसाठी मुद्दाम जरा लेचापेचा प्रतिस्पर्धी निवडतात. पाहुणे घरी आलेले असताना हार कशाला ओढवून घ्या, असा सरळ हिशेब. मिझूला ही चैन नेहमी परवडत नाही. 2012 साली हा संघ आग्नेय अमेरिकेतल्या बलाढ्य कॉलेजांच्या गटात, एसईसीत, गेला आणि त्या पहिल्याच वर्षी होमकमिंगला समोर अलाबामा येऊन ठाकलं. धो धो पाऊस, विजांमुळे थांबलेला खेळ आणि 42-10 असा दणदणीत पराभव. उलट 2010 सालचं होमकमिंग अजून घराघरांत सांगितलं जातं. तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या ओक्लाहोमाला मिझूने 36-27 ने हरवलं. लोक मैदानात घुसले, गोलचे खांब उपटले आणि खांद्यावरून थेट गावातल्या हार्पोज नावाच्या बारपर्यंत वाजतगाजत नेले.

2024 सालची कहाणी तर सिनेमात शोभावी अशी. ऑबर्नविरुद्ध सामना. पहिल्याच टप्प्यात मिझूचा मुख्य खेळाडू ब्रॅडी कुक याचा घोटा दुखावला. त्याला तपासणीसाठी इस्पितळात हलवलं. संघ मागे पडला. आणि उत्तरार्धात हा पठ्ठ्या इस्पितळातून परत आला, पुन्हा मैदानात उतरला आणि शेवटच्या मिनिटांत संघाला पंचाण्णव यार्ड पुढे घेऊन गेला. सामना 21-17 ने मिझूचा झाला. सेंट लुईसचा हा मुलगा लहानपणापासून याच संघाचा भक्त, त्यामुळे गावाला त्याचं कौतुक जरा जास्तच.

खांब, दगड आणि आइस्क्रीम

सामना नसता, तरी विद्यापीठाचा परिसर बघण्यासारखा आहे. जेसी हॉलच्या घुमटासमोरच्या हिरवळीवर सहा दगडी खांब उभे आहेत. छप्पर नाही, भिंती नाहीत, नुसते 43 फूट उंचीचे खांब. 9 जानेवारी 1892 च्या रात्री विद्यापीठाची मुख्य इमारत जळून खाक झाली, उरले ते एवढेच. तेही पाडून टाकायचा बेत होता, पण लोकांनी तो हाणून पाडला. आज ते मिझूचं दैवत आहेत. नवे विद्यार्थी पहिल्या वर्षी या खांबांमधून विद्यापीठाच्या दिशेने धावत जातात आणि शिक्षण संपताना उलट दिशेने बाहेर पडतात. होमकमिंगला आलेली कुटुंबं इथे फोटो काढायला रांगा लावतात.

जवळच वृत्तविद्येचं महाविद्यालय आहे. 1908 साली वॉल्टर विल्यम्स यांनी ते सुरू केलं. पत्रकारिता शिकवणारं ते जगातलं पहिलं महाविद्यालय मानलं जातं. इथले विद्यार्थी गावासाठी खरंखुरं वृत्तपत्र चालवतात. होमकमिंगची बातमी पहिल्यांदा लिहिताना कितीतरी हात थरथरले असतील!

परिसराच्या दक्षिणेला मेमोरियल स्टेडियम. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ ते बांधलं गेलं. 1926 मध्ये पहिला सामना झाला, म्हणजे 2026 मध्ये त्याला शंभर वर्षं पूर्ण होतात. त्या निमित्ताने उत्तर बाजूच्या मोठ्या बांधकामाचं काम हाती घेण्यात आलं. त्याच बाजूच्या उतारावर पांढऱ्या दगडांचं भलंमोठं 'एम' हे इंग्रजी अक्षर आहे. बांधकामातून उरलेले दगड 1927 साली पहिल्या वर्षाच्या मुलांनी रचले आणि हे अक्षर झालं. दर मोसमाआधी नवी मुलं त्याला चुना फासतात. एकदा, 1957 साली, नेब्रास्काच्या आगाऊ मंडळींनी रात्रीतून दगड हलवून 'एम'चा 'एन' करून ठेवला होता. सामन्याआधी तो घाईघाईने पूर्ववत करावा लागला.

स्टेडियम भरतं तेव्हा आत जमलेली माणसं गावाच्या वस्तीच्या जवळजवळ निम्मी असतात. एका बाजूचे लोक ओरडतात, 'एम-आय-झी!' समोरून उत्तर येतं, 'झी-ओ-यू!' हा जप स्टेडियमपुरता राहत नाही. रस्त्यात, उपाहारगृहात, विमानतळावरसुद्धा काळा-सोनेरी सदरा दिसला की अनोळखी माणूस पहिलं अर्धं म्हणतो, दुसरा उरलेलं पूर्ण करतो. आपल्याकडे 'गणपती बाप्पा' म्हटलं की 'मोरया' ओठांवर येतंच ना, तसं.

खाण्याचीही चंगळ. सामन्याआधी वाहनतळावर मोटारींच्या डिक्या उघडून तिथेच शेगड्या पेटतात, मांस भाजलं जातं, शेजारच्या मोटारवाल्याला आग्रह होतो. शाकाहारी माणसाने मात्र शेक्सपिअर्स नावाचं पिझ्झाचं जुनं दुकान गाठावं. आणि मुलांना घेऊन जायचं ते विद्यापीठाच्या स्वतःच्या आइस्क्रीमच्या दुकानात. तिथलं सोनेरी व्हॅनिला आणि गडद चॉकलेटच्या पट्ट्यांचं 'टायगर स्ट्राइप' म्हणजे थेट वाघाचं कातडंच वाटीत!

होमकमिंगच्या दिवसांत एक गोष्ट फार चांगली घडते. विद्यार्थी रक्तदानाचं प्रचंड शिबिर भरवतात. ते काही दिवस चालतं आणि हजारो पिशव्या रक्त जमा होतं. सजावटीच्या, नाचगाण्यांच्या स्पर्धेसारखीच वसतिगृहांमध्ये याचीही चुरस असते.

माहेर, पण कोणाचं?

1911 साली 'घरी या' असं आमंत्रण गेलं, ते एकाही काळ्या माणसाला गेलं नव्हतं. जाणार कसं? मिझूत काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता. त्यांच्यासाठी पन्नासेक किलोमीटरवर, जेफरसन सिटीत, लिंकन विद्यापीठ होतं. तिथून पदवी घेतलेल्या लॉइड गेन्स नावाच्या तरुणाने मिझूच्या कायदा शाखेत अर्ज केला. वर्णामुळे तो नाकारला गेला. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर 1938 मध्ये निकाल गेन्सच्या बाजूने लागला. राज्याने तरीही पळवाट काढली. मिझूचं दार उघडण्याऐवजी काळ्यांसाठी वेगळी कायदा शाखा सुरू केली. मार्च 1939 मध्ये गेन्स शिकागोत एका संध्याकाळी बाहेर पडला, तो कुणाला पुन्हा दिसला नाही. त्याचं काय झालं, हे आजवर कळलेलं नाही.

त्याच वर्षी ल्युसिल ब्लुफर्ड या तरुण पत्रकार स्त्रीने वृत्तविद्येच्या पदव्युत्तर वर्गासाठी अर्ज केला. पत्रावरून वर्ण कळत नाही, त्यामुळे प्रवेश मिळाला. प्रत्यक्ष हजर झाल्यावर मात्र तिला परत पाठवण्यात आलं. ती कोर्टात गेली. शेवटी विद्यापीठाने तो पदव्युत्तर वर्गच बंद करून टाकला! ब्लुफर्डबाईंनी पुढे कॅन्सस सिटीत 'द कॉल' हे वृत्तपत्र अनेक वर्षं चालवलं. ज्या विद्यापीठाने त्यांना दारातून परत पाठवलं, त्यानेच 1989 साली त्यांना मानद डॉक्टरेट दिली. गेन्सलाही 2006 मध्ये मानद पदवी मिळाली, पण ती घ्यायला तो नव्हता.

मिझूत पहिले काळे विद्यार्थी आले ते 1950 साली. फुटबॉल संघात शिष्यवृत्तीवर पहिला काळा खेळाडू, नॉरिस स्टीव्हनसन, यायला 1957 उजाडलं. आणि 1988 साली होमकमिंगचं घोषवाक्य ठरलं, 'जुनं मिझू दाखवा'. काळे विद्यार्थी विचारू लागले, जुनं म्हणजे कोणतं? ज्यात आम्ही नव्हतो ते? त्यातून त्यांच्या संघटनेने स्वतःचं होमकमिंग सुरू केलं. ते पुढेही त्याच मोसमात साजरं होत राहिलं, त्याचेही राजा-राणी निवडले गेले. एकाच अंगणात दोन माहेरपणं. काहींना हे खटकतं. पण पहिल्या पंक्तीला ज्यांना पान मांडलं गेलं नाही, त्यांनी वेगळी पंगत मांडली तर दोष त्यांना कसा द्यायचा?

10 ऑक्टोबर 2015. होमकमिंगची मिरवणूक रंगात आली होती. अकरा काळे विद्यार्थी रस्त्यात उतरले आणि विद्यापीठाचे अध्यक्ष टिम वुल्फ यांची मोटार त्यांनी अडवली. विद्यापीठात आपल्याला मिळणाऱ्या वागणुकीबद्दल ते एकेक करून बोलू लागले. त्यांच्या गटाच्या नावातच 1950 हा आकडा होता. अध्यक्ष मोटारीतून उतरले नाहीत. आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्यांपैकी काहींनी त्यांचा आवाज बुडवण्यासाठी काय केलं असेल? तोच आपुलकीचा जप सुरू केला, 'एम-आय-झी! झी-ओ-यू!'

त्या दिवशीचा सामनाही मिझू हरलं. पण खरा सामना पुढेच होता. नोव्हेंबरमध्ये एका विद्यार्थ्याने उपोषण आरंभलं. मग संघातल्या काळ्या फुटबॉलपटूंनी जाहीर केलं की अध्यक्ष जाईपर्यंत आम्ही खेळणार नाही. प्रशिक्षक गॅरी पिंकेल त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढचा सामना रद्द झाला असता, तर विद्यापीठाला दहा लाख डॉलरचा भुर्दंड पडणार होता. दोन दिवसांत, 9 नोव्हेंबरला, अध्यक्षांनी राजीनामा दिला. जे निवेदनांनी आणि मोर्चांनी झालं नव्हतं ते फुटबॉलने केलं. फुटबॉलची तिथल्या जीवनातली ताकद मोजायला याहून चांगलं माप सापडणार नाही. आणि ही ताकद एवढी असावी का, असा प्रश्नही पडल्यावाचून राहत नाही.

त्यानंतरही मिरवणूक निघते आहे.  स्टेडियमबाहेरच्या चौकाला स्टीव्हनसनचं नाव आहे, विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाला ब्लुफर्डबाईंचं आणि काळ्या संस्कृतीच्या केंद्राला गेन्सचं. येत्या होमकमिंगला जाणाऱ्याने ही तिन्ही ठिकाणं बघून घ्यावीत. चालत फिरता येतील इतकी ती जवळ आहेत.

कसे जाल? काय पाहाल?

मुलगा, मुलगी अमेरिकेत शिकते आहे म्हणून आपल्याकडचे कितीतरी आईवडील तिकडे जातात. ते ऑक्टोबरात गेले, तर हा सोहळा जरूर बघावा. सेंट लुईस किंवा कॅन्सस सिटीच्या विमानतळावरून मोटारीने दोन तासांत कोलंबिया गाठता येतं. खोली मात्र उन्हाळ्यातच राखून ठेवावी. गावात न मिळाली तर जेफरसन सिटीत बघावी.

शुक्रवारी संध्याकाळीच पोचलेलं बरं. विद्यार्थ्यांच्या बंगल्यांसमोर रंगीत देखावे मांडलेले असतात, मुलं त्यात नाटुकली करून दाखवतात. गर्दी आणि उत्साह पाहून गणेशोत्सवातल्या देखाव्यांची आठवण यावी. शनिवारी सकाळी मिरवणूक असते आणि ती फुकट बघता येते. मोठा वाद्यवृंद, चित्ररथ, जुन्या मोटारी, खाऊ उधळणारी मुलं आणि अध्यक्ष ट्रूमन यांचं नाव मिळालेला 'ट्रूमन' वाघ. लहान मुलं असतील तर लवकर जाऊन पदपथाची कड धरावी.

सामन्याची वेळ दूरचित्रवाणीच्या सोयीने ठरते आणि बऱ्याचदा थोडेच दिवस आधी कळते. त्यामुळे परतीचं तिकीट रविवारचं काढावं. स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीच नेता येते, आपली नेहमीची पर्स दारातच अडवली जाते. मध्यंतराला जागेवरून उठू नये. राजा-राणी तेव्हाच मैदानात येतात आणि पांढऱ्या केसांचे माजी वादकही आपली जुनी वाद्यं घेऊन तरुण वाद्यवृंदात उभे राहतात. दुपारी ऊन असलं तरी सूर्य कलल्यावर चांगलीच थंडी पडते. शाल बरोबर असू द्यावी. सोनेरी किंवा काळी असली तर उत्तमच, कारण वाटेत कुणीतरी 'एम-आय-झी' म्हणणारच.